ऑनलाइन बचत खात्याचा अर्ज अडकतो तेव्हा: तपासणी कोठून सुरू करावी आणि कोठे थांबावे

मोबाइलवरून काही मिनिटांत बचत खाते उघडते ही गोष्ट खरी आहे, पण ज्यांच्या आधार, पॅन आणि मोबाइल क्रमांक या तीन नोंदी एकमेकींशी तंतोतंत जुळतात त्यांच्यापुरतीच. इतरांचा अर्ज मध्येच कोठेतरी अडकतो आणि तो का अडकला हे ॲप धडपणे सांगत नाही. बँकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून सोसायटीत, ज्येष्ठ नागरिक संघात आणि नात्यागोत्यात असे अडकलेले अर्ज मी सातत्याने सोडवत आलो आहे. त्यातून पक्के झालेले मत आधीच सांगतो. दोष बहुतेक वेळा ॲपमध्ये नसतो आणि फोनमध्येही नसतो. अर्ज भरायला घेण्याच्या कितीतरी आधीपासून तो आपल्या कागदपत्रांत पडून असतो. म्हणूनच तोच अर्ज त्याच माहितीने पुन्हा पुन्हा भरल्याने काही साधत नाही. उलट काही बँकांची यंत्रणा ठरावीक प्रयत्नांनंतर अर्जदाराला काही काळ अडवून ठेवते, आणि मग मूळ दोष दूर झाला तरी अर्ज पुढे जात नाही.

लक्षणे

अर्ज कोणत्या पायरीवर थांबला यावरून दोषाचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. मोबाइल क्रमांक टाकला, बँकेचा ओटीपी आला, पण आधार क्रमांक टाकल्यावर येणारा दुसरा ओटीपी आलाच नाही, हे पहिले लक्षण. पॅन क्रमांक टाकल्यावर ‘तपशील जुळत नाही’ किंवा ‘पडताळणी अयशस्वी’ असा संदेश येणे हे दुसरे, आणि माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा आढळणारे. तिसऱ्या प्रकारात ‘आपण आमचे ग्राहक आहातच’ असे सांगून ॲप दार बंद करते. अर्जदाराला मात्र त्या बँकेत आपले खाते असल्याचे आठवत नसते. चौथ्यात सगळी माहिती भरून होते, पण व्हिडिओ केवायसीचा, म्हणजे बँक अधिकारी व्हिडिओवरून ओळख पटवतो तो, कॉल लागत नाही, मध्येच तुटतो किंवा कॉल पूर्ण होऊनही अर्ज नामंजूर होतो. पाचव्यात कॉल उत्तम होतो, तरी ‘अर्ज प्रक्रियेत आहे’ या ओळीपुढे काही सरकत नाही. शेवटचे लक्षण सर्वांत फसवे आहे: खाते उघडते, वापरातही येते, आणि काही महिन्यांनी त्यावर मर्यादा आल्याचे किंवा ते बंद होणार असल्याचे कळते.

यांपैकी काहीही झाले तरी पहिले काम एकच. स्क्रीनवरचा संदेश जसाच्या तसा लिहून घ्यावा किंवा त्याचा स्क्रीनशॉट काढावा, आणि अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. ‘एरर आला’ एवढ्याच सांगण्यावरून शाखेतल्या माणसालाही काही शोधता येत नाही. संदर्भ क्रमांक असला तर अर्ज नेमका कोठे अडला ते तो पाहू शकतो.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

ॲप खरे आहे की नाही, ही तपासणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाची आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून किंवा कोणी पाठवलेल्या एपीके फाइलवरून ॲप कधीही घेऊ नये. बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावर जावे आणि तेथील दुव्यावरूनच ॲप उतरवावे. अडकलेला अर्ज सोडवून देतो म्हणून फोन करणारा आणि स्क्रीन दाखवणारे ॲप घ्यायला सांगणारा माणूस बँकेचा नसतो, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

त्यानंतर फोन पाहावा. तारीख आणि वेळ आपोआप घेण्याची सोय चालू आहे का, ॲपला कॅमेरा, मायक्रोफोन आणि लोकेशनची परवानगी दिली आहे का, व्हीपीएन (इंटरनेटवर आपले ठिकाण लपवणारी सोय) बंद आहे का, ॲप अद्ययावत आहे का, एवढे चार प्रश्न पुरतात. फोनचे घड्याळ चुकलेले असेल तर बँकेच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. व्हीपीएनचे कारण वेगळे आहे. व्हिडिओ केवायसीसाठी भारताबाहेरच्या किंवा बनावट आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरच्या फोनच्या पत्त्यावरून) येणारी जोडणी रोखणे रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केले आहे, आणि व्हीपीएनमुळे आपण पुण्यात बसून परदेशात असल्यासारखे दिसू शकतो. मुलाने किंवा नातवाने कधीतरी टाकून दिलेले व्हीपीएन फोनमध्ये तसेच चालू असते आणि फोनच्या मालकाला त्याची कल्पनाही नसते.

पत्त्याच्या रकान्यातही थोडे लक्ष घालावे. अनेक अर्जांना तिरकी रेघ, अवतरणचिन्ह किंवा अशी इतर चिन्हे चालत नाहीत आणि ओळीच्या लांबीलाही मर्यादा असते. ‘पुढे’ हे बटण दाबले जात नसेल, आणि संदेशही काही येत नसेल, तर बहुधा कारण हेच असते.

ओटीपी येत नसेल तर

येथे दोन वेगवेगळे ओटीपी आहेत हे आधी समजून घ्यावे. पहिला बँक पाठवते, आणि तो आपण अर्जात लिहिलेल्या क्रमांकावर येतो. दुसरा आधार प्राधिकरणाकडून येतो, आणि तो आधारला जोडलेल्या क्रमांकावरच जातो, मग अर्जात आपण कोणताही क्रमांक लिहिलेला असो. पहिला आला आणि दुसरा आला नाही, तर नेटवर्कला दोष देण्यात अर्थ नाही. आधारला जोडलेला क्रमांक निराळा आहे, असे धरून चालावे.

खात्री करून घेण्यासाठी आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मोबाइल पडताळण्याची सोय आहे. तेथे आधार क्रमांक आणि मोबाइल क्रमांक टाकला की तो क्रमांक जोडलेला आहे की नाही हे कळते. आधारची वैधता तपासण्याच्या पानावर जोडलेल्या क्रमांकाचे शेवटचे तीन अंकही दिसतात. संकेतस्थळ वापरणे जमत नसेल तर १९४७ हा मदत क्रमांक आहे.

क्रमांक जुना निघाला तर खाते बाजूला ठेवून आधी तो बदलावा. येथे घाई करण्यामागे बँक खात्याहून मोठे कारण आहे. सोडून दिलेला मोबाइल क्रमांक ९० दिवसांनंतर दूरसंचार कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तसे झाले की आपल्या आधारचे ओटीपी अनोळखी माणसाच्या हातात पडतात. क्रमांक बदलण्यासाठी आधार केंद्रात स्वतः जाऊन बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची ओळख द्यावी लागते. कोणतेही कागदपत्र लागत नाही. केंद्र दूर असेल किंवा माणूस घराबाहेर पडू शकत नसेल, तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊन हे काम करतो; ही सेवा २०२१ पासून आहे. गावाकडच्या ज्येष्ठांना मी हाच मार्ग सुचवतो. मिळालेली पावती जपून ठेवावी आणि बदल झाल्याचा संदेश आल्याशिवाय नवा अर्ज सुरू करू नये.

एक दुर्मीळ शक्यता राहते. कोणी सुरक्षिततेसाठी आधार क्रमांकच लॉक करून ठेवलेला असतो आणि नंतर विसरलेला असतो. अशा वेळी क्रमांक योग्य जोडलेला असूनही आधार क्रमांक टाकून पडताळणी होत नाही. आधार क्रमांकाऐवजी वापरता येणारा १६ अंकी व्हर्च्युअल आयडी वापरून किंवा तेवढ्यापुरते लॉक काढून अर्ज पुढे नेता येतो. फक्त बायोमेट्रिक लॉक केलेले असेल तर ओटीपीला काही अडचण येत नाही.

पॅन आणि आधार जुळत नसेल तर

सगळ्यात जास्त अर्ज येथे अडतात, म्हणून येथे थोडे थांबू.

पहिली गोष्ट, पॅन चालू आहे का? आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय धरले जाते, आणि निष्क्रिय पॅनवर बँक खाते उघडत नाही. आयकर विभागाच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर लॉगिन न करताही दोन गोष्टी पाहता येतात: पॅन आधारशी जोडलेले आहे का, आणि पॅन, नाव व जन्मतारीख विभागाच्या नोंदीशी जुळते का. दोन्हींना पैसे लागत नाहीत. जोडणी झालेली नसेल तर १,००० रुपये शुल्क भरून ती करता येते, मात्र त्यानंतर पॅन पुन्हा कार्यान्वित व्हायला ३० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. तेवढे दिवस अर्ज करू नये. वयाची ८० वर्षे पूर्ण केलेल्यांना या जोडणीतून सूट आहे, पण काही ॲप ही सूट ओळखत नाहीत. अशा ज्येष्ठांनी ॲपच्या मागे न लागता सरळ शाखेत जावे.

पॅन चालू असूनही ‘तपशील जुळत नाही’ असे येत असेल, तर कागदाची एक कोरी शीट घ्यावी. पॅन कार्डावरचे नाव रोमन अक्षरांत, एकही अक्षर न गाळता, सलग उतरवावे. त्याखाली आधारवरचे रोमन अक्षरांतले नाव उतरवावे. मग अक्षराखाली अक्षर, शब्दाखाली शब्द असे बोट ठेवत जावे. नुसते वाचून हा फरक दिसत नाही, कारण स्वतःचे नाव आपण वाचत नाही, ओळखतो. बोट ठेवून पाहिले की ‘वैशाली’च्या शेवटी एकीकडे एक ‘आय’ आणि दुसरीकडे दोन ‘ई’ असल्याचे लक्षात येते. ‘गायकवाड’मध्ये मधला ‘ए’ एका कागदावर असतो आणि दुसऱ्यावर नसतो.

आपल्याकडे नाव लिहिण्याच्या पद्धतीमुळे या घोळात भर पडते. समजा, एका कागदावर ‘पाटील सुनीता रमेश’ आहे आणि दुसऱ्यावर ‘सुनीता रमेश पाटील’. शाळेच्या हजेरीपटासारखे आडनाव आधी लिहिण्याची सवय असलेल्या ऑपरेटरने तसे नोंदवलेले असते. माणसाला यात काहीच फरक दिसत नाही. यंत्राला मात्र ‘पाटील’ हे पहिले नाव आणि ‘रमेश’ हे आडनाव वाटते. काही बँकांची यंत्रणा शब्दांचा क्रम बाजूला ठेवून जुळणी करते, काहींची करत नाही. एका बँकेत तोच अर्ज सहज मंजूर होतो आणि दुसरीत अडतो याचे कारण बहुधा हे असते. म्हणून ‘माझे दुसऱ्या बँकेत झाले होते’ यावरून आपल्या नोंदी निर्दोष आहेत असा निष्कर्ष काढू नये.

विवाहित स्त्रियांची अडचण याहून खोल आहे. लग्नाआधी नोकरी करत असताना काढलेल्या पॅनवर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, लग्नानंतर काढलेल्या आधारवर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव, म्हणजे तीन शब्दांपैकी दोन वेगळे. हे कोणतेही यंत्र जुळवून घेणार नाही, आणि घ्यावे अशी अपेक्षाही नाही. येथे एक नोंद बदलावीच लागते. कोणती बदलायची हा निर्णय मात्र विचारपूर्वक घ्यावा.

माझा सल्ला असा आहे की, दहावीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रात प्रसिद्ध झालेला नावातील बदल यांपैकी ज्या मूळ कागदाच्या आधारावर आपण पुढची वर्षे वावरणार आहोत तो आधी ठरवावा, आणि त्याच्याशी न जुळणारी नोंद बदलावी. दोन्ही नोंदी सारख्याच चालण्याजोग्या असतील तर पॅन बदलणे मला बरे वाटते, कारण आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. जन्मतारीख तर एकदाच. ही मुभा एका बचत खात्यासाठी घाईघाईने खर्च करू नये. पॅनची दुरुस्ती पॅनचे अर्ज घेणाऱ्या प्रोटीअन किंवा यूटीआयआयटीएसएल या संस्थांच्या संकेतस्थळावरून घरबसल्या होते आणि तिला माफक शुल्क पडते. नाव बदलल्याचा पुरावाच नसेल तर महाराष्ट्रात शासनाच्या मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाकडे अर्ज करून राजपत्रात बदल प्रसिद्ध करून घेता येतो. त्या राजपत्राची प्रत पुढे सगळीकडे चालते.

जन्मतारखेचा दोषही जुन्या आधार कार्डांवर पुष्कळ आढळतो. सुरुवातीच्या वर्षांत ज्यांच्याकडे जन्माचा दाखला नव्हता त्यांच्या आधारवर नुसते जन्मवर्ष छापले गेले. पॅनवर पूर्ण तारीख आणि आधारवर केवळ वर्ष, अशा वेळी जुळणी होत नाही. दहावीचे प्रमाणपत्र, जन्मदाखला किंवा पासपोर्ट यांपैकी एक घेऊन आधार केंद्रात पूर्ण तारीख नोंदवून घ्यावी. एकदाच मिळणारी ही संधी असल्याने केंद्रातून निघण्यापूर्वी पावतीवरची तारीख स्वतःच्या डोळ्यांनी तपासावी. दिवस आणि महिना उलटसुलट झाल्याचे घरी आल्यावर लक्षात येऊन उपयोग नसतो.

‘आपण आमचे ग्राहक आहातच’

बँका नवा अर्ज आला की पॅन आणि आधारवरून जुन्या नोंदी चाळतात, आणि त्याच माणसाची नोंद सापडली की नवे खाते ॲपवरून उघडू देत नाहीत. एका माणसाचे दोन ग्राहक क्रमांक होऊ नयेत यासाठी ही व्यवस्था आहे. अर्जदाराला खाते आठवत नाही, कारण ते त्याने त्या नावाच्या बँकेत उघडलेलेच नसते. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक आणि विजया बँक या बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. पुढच्या वर्षी त्याच तारखेला सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत आणि आंध्र व कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेली. मुंबईत देना बँकेत पगाराचे खाते असलेला माणूस आज बँक ऑफ बडोदाचा जुना ग्राहक असतो. आईवडिलांच्या मुदत ठेवीवर दुसरे नाव म्हणून सही केलेली असेल तरीही ग्राहक क्रमांक तयार झालेला असतो.

यावर ॲपमध्ये इलाज नाही. वेगळा मोबाइल क्रमांक किंवा वेगळा ईमेल देऊन यंत्रणेला चुकवण्याचा प्रयत्न करू नये, कारण पॅन तेच राहते आणि अर्ज संशयास्पद ठरतो. शाखेत जाऊन जुना ग्राहक क्रमांक शोधून घ्यावा, केवायसी अद्ययावत करून जुने खाते चालू करून घ्यावे किंवा बंद करून मग नवे उघडावे. पुष्कळदा विसरलेल्या खात्यात थोडीफार रक्कमही निघते.

व्हिडिओ केवायसी

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये व्हिडिओद्वारे ग्राहक ओळखण्याची मुभा दिली आणि नंतर तिचे नियम बरेच तपशीलवार केले. कॉल नामंजूर का होतात हे त्या नियमांतूनच कळते, म्हणून ते थोडक्यात सांगतो.

कॉलवर बँकेचाच प्रशिक्षित अधिकारी असावा लागतो. समोरची व्यक्ती जिवंत आहे, भारतात आहे आणि स्वतः बोलते आहे याची खात्री करणे हे त्याचे काम आहे. प्रश्नांचा क्रम तो मुद्दाम बदलतो. आणि ग्राहकाला बाजूने कोणी उत्तरे सांगत असल्याचे दिसले, तर अर्ज नामंजूर करावा, असा स्पष्ट नियम आहे. ज्येष्ठांचे अर्ज येथेच मार खातात. आई खुर्चीत बसलेली असते, मुलगा समोर फोन धरून उभा असतो, अधिकारी जन्मतारीख विचारतो, आई क्षणभर थांबते आणि मुलगा प्रेमाने हळूच तारीख सांगतो. त्या एका शब्दाने अर्ज संपतो, आणि अधिकाऱ्याचे यात काही चुकलेले नसते; पलीकडे कोणी धाकाने खाते उघडवून घेत आहे की काय, हे त्याला कळायला दुसरा मार्ग नाही. म्हणून फोन स्टँडवर किंवा पुस्तकांच्या आधाराने टेकवून ठेवावा, अर्जदाराने आधी स्वतःचा पत्ता, जन्मतारीख, आईचे नाव आणि खाते कशासाठी हवे हे मनाशी एकदा म्हणून पाहावे, आणि घरातल्यांनी त्या वेळेपुरते दुसऱ्या खोलीत थांबावे. ऐकू कमी येत असेल तर ते कॉलच्या सुरुवातीलाच अधिकाऱ्याला सांगावे. मराठी निवडण्याची सोय असेल तर ती निःसंकोच घ्यावी.

पॅनबाबत एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. ई-पॅन, म्हणजे पॅनची डिजिटल प्रत, चालते, पण इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच. त्याचा छापलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरलेला चालत नाही, मग तो लॅमिनेट केलेला का असेना. मूळ कार्ड हरवले असेल तर कॉलपूर्वी डिजिलॉकर या सरकारी ॲपमध्ये पॅन आणून ठेवावे. मूळ कार्ड असेल तर खिडकीकडे तोंड करून बसावे आणि कार्ड किंचित तिरके धरावे, म्हणजे त्यावर उजेडाची चकाकी येत नाही. सहीसाठी कोरा कागद आणि पेन जवळ ठेवावे.

कॉल तुटला तर नव्याने करावा लागतो, हाही नियमाचाच भाग आहे. त्यामुळे घरातल्या ज्या जागी नेटवर्क खात्रीने मिळते तेथेच बसावे, आणि चालू कॉलमध्ये दुसरा फोन येऊ नये याची आधीच तजवीज करावी. आधारची ऑफलाइन फाइल किंवा क्यूआर कोड वापरून पडताळणी केलेली असेल, तर ती व्हिडिओ कॉलच्या वेळी तीन कामकाजी दिवसांहून जुनी चालत नाही. आज अर्ज भरला आणि कॉल पुढच्या आठवड्यावर टाकला तर आधारची पायरी पुन्हा करावी लागते.

नोकरीनिमित्त आखाती देशांत किंवा अन्यत्र स्थायिक असलेल्यांनी मात्र या वाटेला जाऊच नये. अनिवासी व्यक्तीला निवासी बचत खाते उघडता येत नाही. एनआरई किंवा एनआरओ खाते हाच त्यांच्यासाठी योग्य प्रकार आहे. सुट्टीत रत्नागिरीला आल्यावर घाईने निवासी म्हणून अर्ज भरणे हे नियमाचे उल्लंघन ठरते.

कॉल झाला, तरी खाते चालू होत नाही

व्हिडिओ केवायसीने उघडलेले प्रत्येक खाते समवर्ती लेखापरीक्षणातून गेल्यावरच चालू करायचे असते, म्हणजे कॉल घेणाऱ्या अधिकाऱ्याचे काम दुसरा कोणी तपासतो. त्यामुळे कॉलनंतर काही कामकाजी दिवस ‘प्रक्रियेत’ असे दिसले तर तो बिघाड समजू नये आणि दुसरा अर्ज तर मुळीच करू नये. बँकेने सांगितलेली मुदत उलटून गेली तर संदर्भ क्रमांक देऊन लेखी विचारणा करावी.

खाते उघडले पण मोबाइल बँकिंग सुरू होत नसेल, तर सिम पाहावे. ॲप फोनमधून बँकेला एक एसएमएस पाठवते आणि नोंदवलेले सिम याच फोनमध्ये आहे का हे ताडते. दोन सिमच्या फोनमध्ये चुकीचे सिम निवडले गेले, किंवा सिमवर एसएमएस पाठवण्याइतके रिचार्ज नसले, तर ही पायरी दर वेळी फसते. रिचार्ज करून योग्य सिम निवडले की काम होते.

काही महिन्यांनी अडणारी खाती

ज्या खात्यात व्हिडिओ कॉल झालाच नाही आणि केवळ आधार ओटीपीवर ते उघडले, ते खाते मर्यादित असते, हे अर्जाच्या वेळी कोणी वाचत नाही. अशा ग्राहकाच्या सर्व ठेव खात्यांत मिळून शिल्लक १ लाख रुपयांपेक्षा जास्त असून चालत नाही आणि एका आर्थिक वर्षात जमा होणारी एकूण रक्कम २ लाखांच्या आत असावी लागते. एक वर्षाच्या आत व्हिडिओ केवायसी किंवा प्रत्यक्ष ओळख पूर्ण केली नाही तर खाते बंद करण्यात येते. शिवाय असे खाते एकाच ठिकाणी उघडता येते आणि तसे घोषणापत्र आपण अर्जात दिलेले असते. दुसऱ्या बँकेत त्याच पद्धतीचा अर्ज केला तर तो नामंजूर होणे स्वाभाविक आहे. पगार, पेन्शन किंवा पिकाचे पैसे या खात्यात येणार असतील तर पहिल्याच आठवड्यात पूर्ण केवायसी करून घ्यावी. २ लाखांची मर्यादा ओलांडली जाऊन ऐन गरजेच्या वेळी खाते अडलेले मी पाहिले आहे, आणि तेव्हा धावपळ फार होते.

कोठे थांबावे

नोंदी जुळल्याची खात्री झाली, फोन तपासून झाला, आणि तरीही तोच संदेश दुसऱ्यांदा आला, की ॲप बंद करून शाखेत जावे. यात कमीपणा काही नाही. बचत खाते शाखेत उघडण्याचा मार्ग खुलाच आहे आणि आधार, पॅन, छायाचित्रे एवढ्यावर ते काम होते. ज्यांच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, ज्यांना डोळ्यांची उघडझाप करून दाखवता येत नाही, ज्यांना दिसत नाही, त्यांनी तर ॲपशी झगडू नये. मात्र बँक त्यांना ‘डोळे मिचकावले नाहीत’ म्हणून नाकारू लागली तर ते निमूट मान्यही करू नये. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या मूलभूत अधिकाराचा भाग मानला आहे, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेने केवायसीच्या निर्देशांत त्यानुसार बदल केले आहेत. विचार न करता अर्ज फेटाळू नये आणि फेटाळल्याचे कारण अधिकाऱ्याने नोंदवून ठेवावे, असेही त्यात आहे.

आधारवरची जन्मतारीख एकदा बदलून झाली असेल आणि तरीही ती चूक असेल, तर पुढचे काम आधारच्या प्रादेशिक कार्यालयाचे आहे. केंद्रचालकाच्या किंवा एजंटाच्या आश्वासनावर पैसे देऊ नयेत. आपल्या पॅनवर किंवा आधारवर आपण न उघडलेले खाते निघाले, किंवा कोणाला ओटीपी सांगितला गेला, तर तपासणीची वेळ संपली असे समजावे: लगेच सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे आणि बँकेला लेखी सूचना द्यावी. आपल्या नावावर खाते उघडून ते दुसऱ्याला वापरायला देण्यासाठी कोणी पैसे देऊ करत असेल तर तो गुन्ह्यातला सहभाग आहे, मग तो माणूस कितीही ओळखीचा असो.

राहिली तक्रार. बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या तक्रार संकेतस्थळावरून विनाशुल्क दाद मागता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रारीत अर्जाचा संदर्भ क्रमांक, संदेशाचा स्क्रीनशॉट, आयकर विभागाच्या संकेतस्थळावर पॅन जुळल्याचे दाखवणारे पान आणि बँकेशी झालेला लेखी व्यवहार तारखांसह जोडावा. आधारची प्रत जोडायची झाल्यास क्रमांकाचे पहिले आठ अंक झाकलेलीच जोडावी.